चर्चेअंती सर्वानुमते

मराठीतली सर्वांत छोटी कादंबरी दोन शब्दांची आहे: 'चर्चेअंती सर्वानुमते'. ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात ती पानोपानी सापडते. तिच्या पोटात काय काय दडलंय ते सभेला हजर असलेल्यांनाच ठाऊक. कुणी तावातावाने खुर्ची सरकवून निघून गेलेला असतो, कुणाचा बाप काढला गेलेला असतो, नळाच्या पाण्यावरून सुरू झालेलं बोलणं तीस वर्षांपूर्वी तोडलेल्या आंब्याच्या फांदीवर जाऊन लटकलेलं असतं. एवढं सगळं आटोपलं की ग्रामसेवक शांतपणे पेनाचं टोपण काढतो आणि लिहितो, 'सदर विषयावर चर्चा होऊन चर्चेअंती सर्वानुमते ठरले की'. खाली सूचक, त्याखाली अनुमोदक. ठराव मंजूर.

ग्रामसेवक हा शब्दसुद्धा आता कागदावरून निवृत्त झालाय. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून सरकारने 'ग्रामपंचायत अधिकारी' असं भारदस्त नाव दिलं. गावाने ते ऐकून घेतलं आणि हाक मारायची वेळ आली तेव्हा 'ओ ग्रामसेवक' अशीच मारली.

तर या दोन शब्दांच्या कादंबरीला आता स्पर्धक आला आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने 14 ऑगस्ट 2025 रोजी 'सभासार' नावाची, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक सोय सुरू केली. ग्रामसभेचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण तिच्या हवाली करायचं. ती ते ऐकते, त्याचा मजकूर करते, मुद्दे वेगळे काढते आणि इतिवृत्त तयार करून हातात ठेवते. पाठीशी 'भाषिणी' हा सरकारचाच भाषा-प्रकल्प आहे. भाषांच्या यादीत मराठी आहे. दुसऱ्याच दिवशी, 15 ऑगस्टच्या विशेष ग्रामसभांसाठी, त्रिपुरातल्या 1194 ग्रामपंचायती आणि पारंपरिक स्थानिक संस्था हे यंत्र वापरतील असं जाहीर झालं. देशात अडीच लाखांवर पंचायती आहेत. म्हणजे अडीच लाख ठिकाणी कधी ना कधी टेबलावर एक मोबाइल पालथा पडणार आणि गाव काय बोलतं ते निमूटपणे ऐकणार.

कल्पना वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वर्षाला किमान चार ग्रामसभा, त्याखेरीज महिलांच्या वेगळ्या, मासिक सभा वेगळ्या, आणि लिहिणारा हात एक. त्या हाताकडे कधी दोन गावांचा कारभार. अशा माणसाने चर्चेला 'चर्चेअंती'मध्ये गुंडाळलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

खरी अडचण सुरू होते ती यंत्र रत्नागिरी जिल्ह्यात उतरल्यावर. एक गाव डोळ्यांसमोर ठेवू या, मालगुंड. गणपतीपुळ्याला दर्शन करून भक्त जिथे समुद्र बघायला, आणि त्यातले मोजके लोक कविता बघायला येतात, ते हे गाव. केशवसुतांचं जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचं स्मारक उभं केलं, ते 1994 मध्ये. सारांशाच्या बाबतीत या गावाचा अधिकार मोठा आहे. सगळं म्हणणं चौदा ओळींत बसवायचं, असा शिस्तीचा सॉनेट हा काव्यप्रकार मराठीत आणला तो याच गावच्या माणसाने. पुढे कधी 'सभासार' इथल्या ग्रामसभेत टेबलावर ठेवलं गेलंच, तर ज्या गावाने मराठीला चौदा ओळींत बोलायला शिकवलं त्याच गावाचं बोलणं ते चौदा मुद्द्यांत बसवू पाहील.

सरकारी रकाने आणि कवी यांचं तसंही फारसं जमत नाही. केशवसुतांच्या जन्मतारखेवर अभ्यासकांचं आजतागायत एकमत नाही. कुणी 15 मार्च 1866 म्हणतात, कुणी 7 ऑक्टोबर 1866. आज ते एखाद्या सेतू केंद्राच्या खिडकीशी उभे राहिले असते तर 'आधारवर एक आणि दाखल्यावर एक, आधी दुरुस्ती करून आणा' एवढं ऐकून परत आले असते.

बरं, आता समजा. (या 'समजा'वर भर आहे. पुढची सभा कुठल्याही प्रोसिडिंग बुकात नाही.) समजा, मालगुंडसारख्या एखाद्या गावात ग्रामसभा भरली आहे. मोबाइल टेबलावर. पंखा फिरतोय. सरपंच विषय पुकारतात, पाखाडीचं, म्हणजे दगडी पायवाटेचं, काम यंदा आराखड्यात धरू या का?

मागच्या बाकावरून आवाज येतो, "धरा की. गेल्या वर्षी धरलंत, त्याच्या आदल्या वर्षी धरलंत. आता सोडू नका म्हणजे झालं."

यंत्र लिहितं: पाखाडीच्या कामास ग्रामस्थांचा पाठिंबा. कामातील सातत्याबद्दल समाधान व्यक्त.

विषय पाण्याचा. नळाला पाणी येतं का? एक तात्या उठतात. "येतं तर! रात्री दोनला येतं. नातवंडांना उठवून दाखवतो, बघा रे, पाणी असं असतं."

यंत्र लिहितं: पाणीपुरवठा रात्री 2 वाजता होतो. मुलांमध्ये पाण्याविषयी जनजागृती सुरू.

मग साकव. पऱ्यावरचा तो लहानसा पूल, ज्याच्यावरून पावसाळ्यात वाडीचं जगाशी नातं टिकतं. "साकव उत्तम आहे," दुसरे एक अण्णा बसल्या जागेवरून सांगतात. "माणूस जात नाही, म्हैस जात नाही, झिजणार कुठून?"

साकव सुस्थितीत, असं यंत्र लिहिणार. अण्णांचा एकेक शब्द त्याने बरोबर ऐकलेला असेल. चूक अशी त्यात काढताच येणार नाही.

कोकणी माणसाचं बोलणं असं की शब्द एका वाटेने जातात आणि अर्थ दुसऱ्या वाटेने घरी येतो. 'होय तर' म्हणजे अजिबात नाही. 'करा करा' म्हणजे करून तर बघा. 'बरं' या शब्दाचे तर पाच-सहा उच्चार आहेत, आणि त्यातला जेमतेम एक संमतीचा. शिवाय बोलायचं नसलं की माणूस आढ्याकडे बघतो. हे आढ्याकडे बघणं ग्रामसभेतलं सर्वांत कडक मत असतं. विरोधी मतदान त्यापुढे सौम्य. ते ध्वनिमुद्रणात येत नाही, आणि चित्रीकरणात आलंच तर 'ग्रामस्थांनी छताची पाहणी केली' अशी नोंद होण्याची धास्ती.

'भाषिणी'वाल्यांना भाषेच्या या भानगडींची कल्पना नाही असं नाही. म्हणून तर त्यांनी 'भाषादान' नावाचा उपक्रम चालवलाय. लोकांनी आपापल्या भाषेतली वाक्यं वाचायची, ऐकून लिहायची, चित्र बघून मजकूर टिपायचा, आणि त्या दानावर यंत्राने शिकायचं. शब्दांचं दान द्यायला कोकणात कुणी मागेपुढे बघणार नाही. ओटीवर पान लावून बसलेला माणूस दिवसाला दोन खंडी शब्द सहज दान करील. पण ते वाक्य कुणाकडे बघून, कुणाला ऐकू जाईल अशा बेताने आणि कुणाच्या पाठीमागे म्हटलं, हे दानाच्या पावतीवर कसं लिहायचं?

आणि हा 'हो-नाही'चा घोळ कोकणापुरता नाही, सगळ्या मराठीचाच आहे. त्याचा पुरावा सरकारने स्वतःच, नकळत, महाराष्ट्रभर गोळा केला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना 2024 च्या जुलैत सुरू झाली, महिना 1500 रुपये. पुढे 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. त्या फॉर्ममध्ये एक विधान होतं. कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाही, निवृत्तिवेतन घेत नाही, अशा आशयाचं. समोर दोन पर्याय: हो, नाही.

आता ज्या घरात सरकारी नोकरी स्वप्नातसुद्धा कुणी पाहिलेली नाही, तिथली बहीण काय करणार? ती मनात म्हणाली, नाही बाई, आमच्यात कुणी नाही. आणि तिने 'नाही'वर बोट ठेवलं. यंत्राचं व्याकरण निराळं. 'नोकरीत नाही' हे विधान 'नाही', म्हणजे नोकरीत आहे! दोन नकार मिळून एक होकार, हे गणिताच्या वर्गात ठीक आहे. मराठी स्वयंपाकघरात दोन नकार मिळून थोडा मोठा नकार होतो. "साखर नाही ना घातलीस?" याला "नाही" म्हटलं काय आणि "हो, नाही घातली" म्हटलं काय, चहा तोच. पण एका बोटाच्या फरकाने कित्येक बहिणी सरकारी नोकरदारांच्या घरच्या ठरल्या आणि हप्ता अडकला. मग 2026 च्या जानेवारीत महिला व बालविकास विभागाने अंगणवाडी सेविकांना दारोदार जाऊन प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं. म्हणजे यंत्राने विचारलेला प्रश्न अखेर सेविकेने उंबऱ्यात उभं राहून विचारला. तिला उत्तर कळायला बोटाची गरज नव्हती. घराकडे एकदा बघितलं की झालं.

इथे बुद्धिमत्ता कृत्रिम नव्हती हे मान्य. नुसता फॉर्म होता. पण कृत्रिम बुद्धिमत्तेला शहाणपण शिकवायला जी माहिती घालतात ती पुष्कळदा अशाच फॉर्ममधून आलेली असते.

परदेशात हेच थट्टेच्या पलीकडे गेलं. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपन भत्त्यात फसवणूक शोधायला करखात्याने संगणकाकडून जोखमीचा अंदाज घेतला. हजारो निरपराध आईबाप लबाड ठरले, दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर संशय जास्त, वसुलीच्या नोटिसा घरोघर. जानेवारी 2021 मध्ये त्यावरून अख्खं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन मोकळं झालं. संगणकाचा राजीनामा कुणी मागितला नाही.

शेजारच्या सिंधुदुर्गाचं मात्र रत्नागिरीकरांना कौतुक वाटतं, म्हणजे जितकं शेजाऱ्याचं वाटू शकतं तितकं. हा जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतूनच वेगळा निघाला. वेगळ्या झालेल्या भावाने आधी स्लॅबचं घर बांधावं तसं 44 वर्षांनी त्याच तारखेला, 1 मे 2025 रोजी, त्याने प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून नाव लावलं. मदतीला राज्याची 'मार्व्हल' ही कंपनी आहे. ती मुळात 2024 मध्ये नागपुरात पोलिसांसाठी उभी राहिली. पुढे नीती आयोगाचं पथकही बघून गेलं. रत्नागिरीत यावर दोन मतं ऐकू येतील. एक, आपल्याकडेही हवं. दुसरं, आपल्याकडे असलेली बुद्धिमत्ता आधी कुठे वापरून झाली आहे? दुसरं मत मांडणारा बहुधा आढ्याकडे बघत असेल.

समुद्रावर तर यंत्र आधीच आलंय. 2025 च्या जानेवारीपासून मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावर ड्रोन उडवायला सुरुवात केली. कोण कुठे बेकायदा जाळं टाकतोय, कोण रात्री एलईडीचे दिवे पाजळून मासळी गोळा करतोय, हे वरून बघायला. पूर्वी हे काम वाडीतली मंडळी पुळणीवर उकिडवं बसून फुकट करत. त्यांच्या डोळ्यांना बॅटरी लागत नसे.

पण मुद्दा कारभारापुरता कुठे राहिलाय! कायदे करण्यापर्यंत गाडी गेली. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 2023 मध्ये एका नगरसेवकाने पाण्याच्या मीटरविषयी ठराव आणला. चोरीला गेलेल्या मीटरचे पैसे नागरिकांकडून घेऊ नयेत, असा. 36 जणांच्या सभागृहाने तो एकमताने मंजूर केला, कायदा झाला, आणि मग त्याने सांगितलं की मसुदा चॅटजीपीटीने लिहिलाय. सभागृहाला धक्का बसला. खरं तर कुणी बारकाईने वाचला नव्हता हेच त्यातून उघड झालं. मालगुंडच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही सभागृहाला यात बातमी काय ते समजणार नाही. न वाचता एकमताने मंजूर करणं ही इथे जुनी हस्तकला आहे, त्याला विजेचीसुद्धा गरज लागत नाही.

अल्बानियाने तर त्यापुढे जाऊन यंत्रालाच मंत्री केलं. 'डिएला' हे तिचं नाव, अर्थ सूर्य. 2025 च्या सप्टेंबरात पंतप्रधान एदी रामा यांनी सरकारी खरेदीचं खातं तिला दिलं. निविदा आता शंभर टक्के भ्रष्टाचारमुक्त होणार, कारण बाईंना मेहुणा नाही, भाचा नाही, जवळचा ठेकेदार नाही. पारंपरिक वेशातली तिची प्रतिमा पडद्यावरून संसदेला उद्देशून बोललीसुद्धा. दीड महिन्यात रामांनी जाहीर केलं की डिएला गरोदर असून तिला 83 अपत्यं होणार, पक्षाच्या प्रत्येक खासदाराला एक मदतनीस. म्हणजे ज्या मंत्र्याला नातेवाईक नाहीत म्हणून नेमलं, तिचं अख्खं गोत सहा आठवड्यांत संसदेत! आणि डिसेंबरात काय झालं? जिथे डिएला तयार झाली त्या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्याच वरिष्ठांवर निविदांत गोलमाल केल्याचा आरोप येऊन त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं. आरोप सिद्ध व्हायचा तेव्हा होईल. पण 'आमच्या घरचं काम दुसऱ्याला का गेलं' या विषयावर हयात घालवलेल्या एखाद्या कोकणी ठेकेदाराने ही बातमी वाचली तर तो अल्बानियाला आपलं गाव म्हणेल.

महाराष्ट्रात यंत्र मंत्री झालेलं नाही, पण त्याने भाषण केलेलं आहे. एप्रिल 2025 मध्ये नाशिकला उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या शिबिरात बाळासाहेब ठाकरे यांचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवून ऐकवला गेला. 2012 मध्ये गेलेला नेता 2025 च्या राजकारणावर बोलला. समर्थक भारावले, विरोधक भडकले. तमिळनाडूत करुणानिधींचं असंच झालं होतं. निवडणूक आयोगाने अशा मजकुरावर 'हे कृत्रिम आहे' असं ठळक लिहा म्हणून 2025 मध्ये पक्षांना दोनदा बजावलं. खऱ्या भाषणांवर काय लिहायचं ते मात्र सांगितलेलं नाही.

राज्याच्या राजकारणात हे चालून जाईल. पण हा आवाजाचा उद्योग कोकणात गावपातळीवर आला तर हाहाकार होईल, आणि त्याचं कारण गडगा. दोन आगरांच्या मधली ती चिऱ्यांची रचलेली भिंत दर पावसाळ्यात वीतभर सरकते, कुठल्या बाजूला हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. या वादात सातबारा, नकाशा, मोजणी हे दुय्यम पुरावे. पहिला पुरावा 'आमचे वडील सांगून गेले'. वडील हयात नसतात, म्हणूनच तो पुरावा बळकट. आता समजा, वडीलच मोबाइलमधून बोलायला लागले, "बाळ, गडगा फणसाच्या पलीकडे होता", तर? दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे वडीलही बोलणार. तिसऱ्या दिवशी दोघांचे आजोबा. तंटामुक्त समितीपुढे दोन्ही बाजूंचे स्वर्गवासी, आणि त्यांच्यातसुद्धा फणस नक्की कुणी लावला यावर एकमत नाही.

या सगळ्यात यंत्र चुकेल ही भीती लोक बोलून दाखवतात. न बोललेली भीती उलटी आहे. ते बरोबर लिहील.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातली कमी असेल ती संख्या. ती भरली नाही तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही या कायद्यातली सर्वांत लोकप्रिय तरतूद. हजेरीच्या वहीत सह्या कशा वाढत जातात, वही सभेनंतर कुठकुठल्या ओटीवर फिरून येते, ही गावोगावची कुजबुज आहे. आता ध्वनिमुद्रणात एक पंखा, दोन कावळे आणि मोजून सात माणसं, आणि वहीत 103 सह्या, असं समोरासमोर आलं तर 'चर्चेअंती'ला तोंड कुठे लपवायचं? आजवर विरोधातला माणूस काय बोलला हे विरत जायचं. यंत्राच्या इतिवृत्तात ते वेळेसकट राहील. हिशेब मागणाऱ्या एखाद्या बाईचा प्रश्न तिसऱ्यांदा अनुत्तरित राहिला, असं एखाद्या दिवशी सरळ छापून येईल. तिला तिरकस बोलायची सवय नसते, त्यामुळे तिचं यंत्राला नेमकं कळेल.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच असेल, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामपंचायत अधिकारी ते यंत्राचं इतिवृत्त वाचायला घेतील. पाखाडीच्या सातत्याबद्दल समाधान. जनजागृती रात्री 2 वाजता. साकव सुस्थितीत. तात्या अण्णांकडे बघतील. "हे मी बोललो?" "शब्द तुझेच आहेत." "शब्द माझे, पण हे मी बोललो नाही." तेवढ्यात त्या बाईचा प्रश्न वाचला जाईल, जसाच्या तसा, आणि सभेत जी शांतता पसरेल ती पंख्यालाही ऐकू जाईल.

मग आयत्या वेळचे विषय. यापुढे आयत्या वेळचे विषय सुरू होताच मोबाइल बंद करण्यात यावा, अशी सूचना कुणीतरी मांडेल. तात्या सूचक. अण्णा अनुमोदक. बाई म्हणेल, माझा विरोध आहे, लिहून घ्या. सरपंच आढ्याकडे बघतील. आणि मोबाइल अजून चालूच असल्यामुळे ठराव, सूचक, अनुमोदक आणि विरोध, चारही गोष्टी त्यात नोंदल्या जातील.